सर्पवलय : एका प्राचीन प्रतीकाचे अद्भुतकथेतील अर्थांतर

१

अद्भुतकथेतील प्रतीकांचा विचार करताना समीक्षा बहुधा एका सोयीच्या वाटेने जाते. प्रतीक ओळखायचे, त्याचा उगम एखाद्या प्राचीन संस्कृतीत दाखवायचा आणि तोच आदिम अर्थ आधुनिक कथेत पुन्हा प्रकट झाला आहे, असे म्हणून थांबायचे. या रीतीत प्रतीकाला वंशावळ मिळते, पण इतिहास मिळत नाही. वंशावळीत मूळ पुरुष सर्वांत महत्त्वाचा असतो, तर इतिहासात प्रत्येक पिढीने काय केले, याला महत्त्व असते. आपलेच शेपूट तोंडात धरून वर्तुळ झालेल्या सर्पाच्या प्रतीकापुरता हा भेद प्रस्तुत निबंधात तपासून पाहायचा आहे. ग्रीक भाषेत या सर्पाला 'ऊरोबोरोस', म्हणजे शेपूट खाणारा, असे नाव आहे. येथे सोयीसाठी त्याला 'सर्पवलय' म्हटले आहे.

या प्रतीकाची निवड करण्यास एक कारण आहे. विसाव्या शतकातील अद्भुत कादंबरीने ते पुन्हा पुन्हा हाताळले, आणि दर वेळी ते कुणाच्या तरी अंगावर चढवले. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ई. आर. एडिसन यांच्या 'द वर्म ऊरोबोरोस' या कादंबरीत ते राजाची मुद्रिका आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या मिखाएल एण्डे यांच्या 'डी उनएण्डलिखे गेशिष्टे' (अंत नसलेली कथा) या कादंबरीत ते गळ्यातील पदक आहे. १९९० साली सुरू झालेल्या रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेत ते एका संघाची अंगठी आहे. ज्या सर्पाने विश्वाला वेढा घातला, असे सांगितले जाते, तो माणसाच्या बोटात कसा आला आणि बोटात आल्यावर त्याच्या अर्थाचे काय झाले, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

२

प्रथम त्या तथाकथित 'मूळ अर्था'कडे पाहू. या आकृतीच्या प्राचीनतम उदाहरणांपैकी एक तुतनखामून या इजिप्ती राजाच्या थडग्यात सापडले. इ. स. पू. चौदाव्या शतकातील या थडग्यातल्या एका सुवर्णमंडित मखरावर एक उभी मानवाकृती कोरलेली असून तिच्या मस्तकाभोवती एक आणि पायांभोवती एक अशी दोन सर्पवलये आहेत. सूर्यदेव रे आणि मृतांचा देव ओसायरिस यांचे रात्रीच्या जगातील ऐक्य त्यातून सूचित होते, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. एकूण चित्र संरक्षणाचे आहे. सूर्याचा नवा जन्म होईपर्यंत जे अबाधित राहिले पाहिजे, त्याच्याभोवती सर्पाने कुंपण घातले आहे.

ग्रीक किमयाशास्त्राच्या परंपरेत हेच वलय वेगळे बोलू लागते. क्लिओपात्रा या किमयाकर्तीच्या नावावर असलेल्या सुवर्णनिर्मितीविषयक पृष्ठाची एक मध्ययुगीन प्रत व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. तिच्यातील सर्प अर्धा काळा, अर्धा उजळ आहे आणि त्याच्या वेढ्यात जे एक आहे तेच सर्व आहे, अशा आशयाचे शब्द लिहिलेले आहेत. येथे सर्प कुंपण राहिलेला नाही. तो स्वतःलाच विरघळवून स्वतःतूनच पुन्हा घडणारे द्रव्य झाला आहे. होरापोलोच्या नावे प्रसिद्ध असलेल्या चित्रलिपीविषयक ग्रंथात शेपूट खाणारा सर्प हे विश्वाचे चिन्ह म्हणून सांगितले आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित १४१९ साली अँड्रोस बेटावर मिळाले, १५०५ साली ते व्हेनिसमध्ये छापले गेले आणि त्यातून यूरोपीय प्रबोधनकाळाने सर्पवलयाला शाश्वततेचे प्रतीक म्हणून स्वीकारले. आज ज्याला आपण या प्रतीकाचा सनातन अर्थ समजतो, त्याच्या प्रसाराचा मोठा भाग या छापील परंपरेकडे जातो.

या विद्वन्मान्य परंपरेच्या शेजारी आणखी एक परंपरा होती, आणि आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. रोमन साम्राज्यकाळातील मंत्रसिद्ध खड्यांवर सर्पवलय वारंवार कोरलेले आढळते. कधी त्याच्या वेढ्यात देवतेची आकृती असते, कधी मंत्राक्षरे, तर कधी गर्भाशयाचे चिन्ह. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक जादूविधींच्या पपायरसांत तर यश, कृपा आणि विजय मिळवून देणारी अंगठी कशी तयार करावी, याचा विधीच दिलेला आहे. त्या अंगठीच्या खड्यावर तोंडात शेपूट धरलेला सर्प कोरायचा असतो. म्हणजे सर्प बोटात आला, तो आधुनिक कादंबरीकारामुळे नव्हे. विश्वाची सीमा आणि इच्छापूर्तीचे साधन हे दोन्ही अर्थ प्राचीन काळातच एकमेकांशेजारी नांदत होते. एकीकडे माणूस सर्पाच्या वेढ्यात होता, तर दुसरीकडे सर्प माणसाच्या मालकीचा होता.

विसाव्या शतकातील आदिबंधात्मक समीक्षेने यांपैकी पहिलाच अर्थ उचलला. युंग यांच्या १९४४ सालच्या मानसशास्त्र आणि किमया यांवरील ग्रंथाने सर्पवलयाला पूर्णतेच्या प्रतीकांत स्थान दिले. एरिख नॉयमन यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या जाणिवेच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात मानवी जाणिवेच्या आद्य, अविभक्त अवस्थेलाच या सर्पाचे नाव दिले. या मांडणीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात खड्यावरचा सर्प, म्हणजे कुणाच्या तरी इच्छेसाठी राबणारा सर्प, दुय्यम ठरला. अद्भुत कादंबरीने नेमका तोच पुन्हा हाती घेतला. त्यामुळे आदिबंधाची किल्ली तिच्या कुलपाला पुरती बसत नाही.

३

एडिसन (१८८२–१९४५) हे ब्रिटिश शासनाच्या व्यापार विभागातील अधिकारी आणि प्राचीन नॉर्स साहित्याचे व्यासंगी होते. 'एगिलच्या सागा'चे त्यांनी केलेले भाषांतर १९३० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या कादंबरीच्या शीर्षकातील 'वर्म' हा शब्द आजच्या इंग्रजीतील किड्याचा वाचक नसून सर्प किंवा अजगर या जुन्या जर्मानिक अर्थाचा आहे. नॉर्स पुराणकथेत पृथ्वीला वेढून स्वतःचे शेपूट चावणारा सागरसर्प आहे, आणि जगाच्या अंतसमयी थॉर व तो सर्प एकमेकांचा मृत्यू ठरतात. या उगमाकडे पाहून कादंबरीही विश्वसीमेच्या सर्पाविषयी असेल, अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात सर्प प्रथम दिसतो तो एका जुलमी राजाच्या हातावर.

कथा बुध ग्रहावर घडते, पण हा बुध केवळ नावाचा आहे. विचलँडचा राजा गोराइस आणि डीमनलँडचे सरदार यांच्यातील युद्ध हा तिचा विषय. गोराइसच्या हातातील सुवर्णमुद्रिका सर्पवलयाच्या आकाराची आहे. या राजाचे वैशिष्ट्य असे, की देह पडला तरी त्याचा आत्मा त्याच नावाच्या पुढच्या राजात अवतरतो. कुस्तीत अकरावा गोराइस मारला जातो आणि कार्से येथील गढीत बारावा गोराइस सिंहासनावर येतो. म्हणजे पूर्वार्धात सर्पवलयाचा अर्थ अगदी नेमका आहे : सत्तेचे न मरणे. राजे मरतात, राजेपण मरत नाही. शाश्वतता हा तत्त्वज्ञानाचा विषय येथे राजकारणाचा विषय झाला आहे आणि तो शत्रुपक्षाच्या नावावर जमा आहे.

अखेरीस विचलँडचा संपूर्ण नाश होतो. मंत्रसिद्धीचा दुसरा प्रयत्न राजावरच उलटतो, कार्सेचा लोखंडी मनोरा कोसळतो आणि सरदार विजयी होऊन घरी येतात. रूढ वीरकथा येथे संपली असती. एडिसन यांचे वीर मात्र विजयानंतर खिन्न होतात. तोलामोलाचा शत्रू उरला नाही, तर शौर्य कशासाठी, हे त्यांचे दुःख आहे. राणी सोफोनिस्बा त्यांच्यासाठी देवांची आळवणी करते, काळ मागे फिरतो आणि विचलँडचा दूत दारात उभा असल्याची वर्दी येते. कादंबरी जेथे सुरू झाली, तेथेच ती येऊन पोहोचते.

या शेवटाकडे केवळ रचनेची कल्पकता म्हणून पाहणे पुरेसे नाही. प्रारंभी शत्रूची मुद्रा असलेला सर्प अखेरीस विजेत्यांच्या इच्छेचा आकार झाला आहे. ज्या पुनरावृत्तीविरुद्ध त्यांनी युद्ध केले, तीच त्यांनी मागून घेतली. अंगठी कुणी जिंकून घेतलेली नाही, तरी तिचा अर्थ हस्तांतरित झाला आहे. प्रतीकाचे अर्थांतर कथेच्या आतच, पात्रांच्या एका निर्णयातून घडते, आणि कोणताही प्राचीन संदर्भकोश ते आधी सांगू शकत नाही.

येथे नीत्शे यांच्या शाश्वत पुनरावर्तनाच्या कल्पनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु नीत्शे यांच्याकडे पुनरावर्तनाला होकार देणारा माणूस स्वतःच्या आयुष्यातील क्षुद्र आणि दुःखद क्षणांसह सर्वच मागून घेतो. एडिसन यांचे सरदार संग्राम मागतात, आणि त्या संग्रामात पुन्हा मरणाऱ्या सामान्य सैनिकांचे मत विचारले जात नाही. पहिले महायुद्ध संपून चार वर्षे झाली असताना हे पुस्तक प्रसिद्ध झाले, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी 'युलिसिस' आणि 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध झाले. त्या कृतींनी युद्धोत्तर जगाच्या विस्कळीतपणाला मिथकांचा आधार शोधला, तर एडिसन यांनी युद्धालाच मिथकाचे वर्तुळ दिले. कादंबरीच्या आरंभी पृथ्वीवरून आलेला लेसिंगहॅम हा साक्षीदार काही प्रकरणांनंतर नाहीसा होतो आणि कथा पुन्हा त्याच्याकडे वळत नाही. हा रचनेतला दोष मानला जातो. पण त्याचा परिणाम महत्त्वाचा आहे : वर्तुळ बंद होते तेव्हा त्याच्या बाहेर उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी उरलेले नसते.

एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. तुतनखामूनच्या थडग्याचा शोध हॉवर्ड कार्टर यांना लागला, तोही १९२२च्याच नोव्हेंबरमध्ये. त्या मखरावरील सर्पवलये एडिसन यांच्या कादंबरीला ठाऊक असणे शक्यच नव्हते. आपण ज्याला उगम म्हणतो, तो अनेकदा नंतर सापडलेला असतो, आणि समीक्षा त्याला मागाहून आधीच्या जागी बसवते.

४

एडिसन यांच्या सर्पवलयाला किंमत नाही. प्रार्थना केली, की काळ फिरतो. एण्डे यांच्या कादंबरीत सर्व भर किमतीवर आहे. 'आउरिन' या पदकावर एक नव्हे, दोन सर्प आहेत. एक उजळ, एक काळा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे शेपूट तोंडात धरले आहे. एकमेकांचे शेपूट धरलेले दोन सर्प किमयाग्रंथांतील चित्रांतही भेटतात. परंतु एण्डे यांनी या द्वैताला जे काम दिले, ते किमयेचे नव्हे.

पदकाच्या मागील बाजूस, धारण करणाऱ्याने आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, अशी आज्ञा कोरलेली आहे. तिच्यात राब्ले यांनी सोळाव्या शतकात कल्पिलेल्या थेलेम मठाच्या एकमेव नियमाचा प्रतिध्वनी आहे. बास्टियान हा एकाकी, उपहासाचा विषय झालेला मुलगा कल्पनाविश्वात येतो, तेव्हा या आज्ञेचा अर्थ मोकळीक असा घेतो. ग्राओग्रामान हा सिंह त्याला बजावतो, की येथे इच्छा म्हणजे लहर नव्हे, आपली खरी इच्छा शोधणे हा सर्वांत अवघड मार्ग आहे. बास्टियानला ते कळत नाही. तो सौंदर्य मागतो, बळ मागतो, कीर्ती मागतो. प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची पूर्वीच्या जगातील एक आठवण पुसली जाते. काय गेले, हेही त्याला कळत नाही, कारण गेलेल्या गोष्टीची आठवणच गेलेली असते. अखेर तो सम्राट होऊ पाहतो आणि जुन्या सम्राटांच्या नगरात येऊन पोहोचतो. तेथे त्याच्यासारखीच, सर्व आठवणी खर्च झालेली माणसे राहतात. त्यांना नव्या इच्छाही होऊ शकत नाहीत, कारण इच्छेला स्मृतीचा आधार लागतो. ती अक्षरांचे फासे मांडून अर्थशून्य खेळ खेळत बसतात.

येथे प्राचीन जादूविधीतील अंगठी तिच्या सर्व परिणामांसह परत आली आहे. एण्डे यांचे वडील एड्गार एण्डे हे अतिवास्तववादी वळणाचे चित्रकार होते, आणि १९३६ साली नात्सी राजवटीने त्यांच्यावर चित्रप्रदर्शनाची बंदी घातली होती. कादंबरीला इतिहासाचे रूपक म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु स्मृती गमावून केवळ इच्छेवर उभे राहिलेले सम्राटपद ही प्रतिमा त्या देशात, त्या पिढीच्या लेखकाने लिहावी, याला अर्थ नाही, असेही म्हणवत नाही.

अर्थांतराचा निर्णायक क्षण शेवटी येतो. स्वतःचे नावही विसरलेला बास्टियान पदक काढून खाली ठेवतो. त्या क्षणी तो पदकाच्या आत असतो. तेथे ते दोन सर्प विराट रूपात पडलेले आहेत. दोघांनी एकमेकांना जखडून ठेवले आहे म्हणून जग टिकून आहे, ते सुटले तर जगाचा अंत होईल. त्यांच्या वेढ्यात जीवनाचे पाणी आहे. म्हणजे धारण करण्याची वस्तू पुन्हा वेढणारी सीमा झाली. खड्यावरचा सर्प मखरावरच्या सर्पाकडे परतला, पण त्यासाठी मालकी सोडावी लागली. दोन सर्पांचे प्रयोजनही येथेच उघड होते. एकटा सर्प स्वतःलाच खातो, म्हणून त्याला बाहेरची मर्यादा नसते. दोघे असले, की प्रत्येकाची मर्यादा दुसरा असतो. आणि पाण्याजवळ बास्टियानला आपले नाव सांगता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी उत्तर देतो तो आत्रेयू, त्याने दुखावलेला मित्र. आपली स्मृती दुसऱ्याकडे जपलेली असते, हा या द्वैताचा मानवी अर्थ आहे.

१९८४ साली आलेला चित्रपट मुख्यतः कादंबरीच्या पूर्वार्धावर आधारलेला आहे, आणि एण्डे यांनी त्याला तीव्र विरोध केला. त्यात इच्छापूर्तीचा आनंद आहे, तिची किंमत मात्र नाही. परिणामी तेच पदक पडद्यावर केवळ शुभचिन्ह होऊन बसते. प्रतीक कायम ठेवून त्याची कथा अर्ध्यावर तोडली, तर अर्थ अर्धा उरत नाही, तो उलटा होतो.

५

जॉर्डन यांच्या मालिकेत आणखी एक अवस्था दिसते. तेथे सर्पवलयाची अंगठी 'आएस सेडाय' या शक्तिधारी स्त्रियांच्या संघाची खूण आहे. शिक्षणाचा ठरावीक टप्पा ओलांडलेल्या स्त्रीला ती मिळते. ती कोणत्या बोटात घालायची, यालाही नियम आहे. तिच्यात जादू नाही, इच्छा पुरवण्याचे सामर्थ्य नाही. विश्वाच्या चिन्हाची ही संस्थेची मुद्रा झाली आहे. याला ऱ्हास म्हणण्याची घाई करू नये. त्या विश्वात काळ खरोखरच चक्राकार आहे, त्यामुळे पुनरावृत्ती मागून घेण्याची गरज नाही. प्रश्न उलटा आहे : हे चक्र मोडावे की राखावे? चक्र मोडू पाहणारी शक्ती ही तेथील वैरी आहे, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बाराव्या खंडात नायकाला चक्राचे समर्थन सापडते ते असे, की पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा प्रेम करण्याची आणि चुका सुधारण्याची संधी. एडिसन यांच्या सरदारांना तेच युद्ध पुन्हा हवे होते. व्हिएतनाम युद्धात सैनिक म्हणून राहिलेल्या जॉर्डन यांच्या नायकाला तेच आयुष्य वेगळ्या रीतीने हवे आहे. सर्पाचा आकार जराही बदललेला नाही, पण त्याच्याकडून काय मागितले जाते, ते पूर्ण बदलले आहे.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना शेष आणि कुंडलिनी यांची आठवण झाली असेल. 'शिवसंहिते'त कुंडलिनीने शेपूट मुखात धरल्याचे वर्णन आहे, हेही कुणी दाखवून देईल. तुलना अवश्य व्हावी, पण साम्य सापडल्यावर ती थांबू नये. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनी साडेतीन वेढे घालून, मुख खाली करून निजलेली सर्पिणी आहे. तेथील सारे वर्णन तिच्या जागे होण्याकडे, वेढे सोडून वर जाण्याकडे धावते. वलय ही तेथे निद्रा आहे, पूर्णता नव्हे. शेषाच्या तर नावातच 'उरलेला' हा अर्थ आहे. सर्व काही प्रलयात बुडाल्यावर जो उरतो आणि ज्याच्यावर विष्णू पहुडतो, तो शेष. स्वतःलाच गिळणाऱ्या सर्पाच्या वर्तुळातून बाहेर काही उरत नाही. शेष मात्र उरण्यासाठीच आहे. आकाराच्या साम्यावरून या तिघांना एका आदिबंधाच्या खात्यावर मांडले, तर तिघांचेही म्हणणे ऐकू येत नाही.

टॉलकीन यांनी परीकथांवरील १९३९ सालच्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की कथाकार एक दुय्यम विश्व निर्माण करतो आणि त्या विश्वात त्याच्या नियमांप्रमाणे घडणारे सत्य असते. हे मान्य केले, तर दुय्यम विश्वातील प्रतीकाचा अर्थही प्रथम त्या विश्वाच्या नियमांत शोधला पाहिजे. गोराइसची मुद्रिका, बास्टियानचे पदक आणि संघाची अंगठी या तिन्हींत 'शाश्वतता' हा शब्द बसवता येतो, आणि तो बसवल्याने तिन्ही कादंबऱ्या सारख्याच दिसू लागतात. त्याऐवजी हे प्रतीक कुणी धारण केले आहे, त्याची किंमत कोण भरतो, आणि ते उतरवून ठेवता येते का, हे तीन प्रश्न विचारले, तर त्या एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या होतात. एडिसन यांच्या कादंबरीत किंमत इतर भरतात आणि वलय उतरवण्याची कुणाला इच्छा नाही. एण्डे यांच्याकडे धारण करणाराच किंमत भरतो, आणि उतरवून ठेवणे हीच मुक्ती आहे. जॉर्डन यांच्या विश्वात काळाच्या चक्रातून बाहेर पडण्याची सोयच नाही, म्हणून किंमत प्रत्येकाने पुन्हा पुन्हा भरायची आहे. प्राचीन काळाने सर्पाचा आकार आणि त्याच्यातील भांडण, दोन्ही दिले. ते भांडण कुणी कसे सोडवले, हे मात्र त्या त्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचल्याशिवाय कळत नाही.